बिझनेस ॲनालिस्ट व्हायचे आहे? पहिला धडा आपल्याच कारखान्यात

मुलगा बी.कॉम. झाला आहे, संगणकाचा एखादा कोर्सही केला आहे. वडिलांना वाटते, त्याने आता कारखान्याचा कारभार पाहावा. मुलाला वाटते, पुण्या-मुंबईच्या कंपनीत नोकरी धरावी. अशा पुष्कळ घरांतून अलीकडे एका हुद्द्याचे नाव ऐकू येते, ते म्हणजे बिझनेस ॲनालिस्ट. क्लासची जाहिरात दिसते, फीचा आकडा मोठा असतो, आणि धंद्याचे भांडवल मोडून ती फी भरण्याची तयारी वडील दाखवतात. मात्र हे काम नेमके कोणते, ते कोणाला जमते आणि त्याची सुरुवात कशी करावी, याची माहिती ना वडिलांना असते ना मुलाला. पैसे भरण्यापूर्वी ती असावी, एवढ्यासाठी हा धडा.

हे काम कोणते?

एखादी कंपनी, बँक किंवा कारखाना आपल्या कामासाठी संगणकाची नवी व्यवस्था करून घेतो, तेव्हा तेथे दोन बाजू असतात. एका बाजूला रोजचे काम करणारी आणि पैसे खर्च करणारी माणसे, दुसऱ्या बाजूला प्रोग्रॅम लिहिणारी माणसे. पहिल्यांना धंदा कळतो, प्रोग्रॅम कळत नाही. दुसऱ्यांना प्रोग्रॅम कळतो, धंदा कळत नाही. या दोघांच्या मध्ये बसून धंद्याची खरी गरज शोधणारा, ती दोघांनाही समजेल अशी लिहून काढणारा आणि तयार झालेले काम त्या गरजेला उतरते की नाही हे तपासणारा, तो बिझनेस ॲनालिस्ट.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. डेटा ॲनालिस्टचे काम वेगळे. तो प्रामुख्याने साठलेल्या आकड्यांवरून निष्कर्ष काढतो. बिझनेस ॲनालिस्ट माणसांशी बोलून कामाची पद्धत आणि नियम समजून घेतो. काही कंपन्या जाहिरातीत दोन्हींना एकच नाव देतात. म्हणून नावाकडे न पाहता खाली दिलेले कामाचे वर्णन वाचावे. त्यात 'रिक्वायरमेंट', 'युजर स्टोरी', 'स्टेकहोल्डर' हे शब्द असतील, तर ती आपण म्हणतो ती नोकरी होय.

उदाहरण : सुताचा ताळा

समजा, मालेगावात किंवा भिवंडीत मजुरीवर कापड विणणारा एक यंत्रमाग कारखाना आहे. व्यापारी सूत देतो. त्यातल्या ताण्याच्या सुताला सायझिंगमध्ये खळ लागते आणि त्याचे बीम भरले जातात. बाण्याचे सूत थेट कारखान्यात येते. कापड विणून तागे व्यापाऱ्याकडे जातात आणि मजुरीचे बिल होते. या कारखानदाराची तक्रार एकच आहे : दर हिशेबाला व्यापारी सुताची तूट दाखवून पैसे कापतो.

कारखानदार सॉफ्टवेअर करणाऱ्याला बोलावतो आणि म्हणतो, "रोज किती तागे निघाले ते मला मोबाइलवर दिसले पाहिजे." करणारा तसे करून देतो. तागे मोबाइलवर दिसू लागतात. महिना संपतो आणि पैसे पूर्वीसारखेच कापले जातात. सॉफ्टवेअर बिघडलेले नाही, जे सांगितले तेच त्याने केले. पण जे सांगितले ती गरज नव्हती.

आता याच कारखान्यात जाणता ॲनालिस्ट गेला तर काय करील? तो आधी विचारील, "तागे रोज का पाहायचे आहेत?" उत्तर येईल, "तूट पकडायची आहे." मग तो शेवटच्या एका लॉटचा कागद मागेल आणि मेहताजींच्या शेजारी बसून हिशेब मांडील. उदाहरणादाखल सोपे आकडे घेऊ.

व्यापाऱ्याकडून आलेले सूत १,००० किलो. विणलेले कापड ७,८०० मीटर. कापडाचे वजन मीटरला १२० ग्रॅम, म्हणजे एकूण ९३६ किलो. दोघांनी मान्य केलेले वेस्टेज शेकडा ३, म्हणजे ३० किलो. गोदामात शिल्लक सूत १० किलो. ९३६ अधिक ३० अधिक १०, बेरीज ९७६. तूट २४ किलो. सुताचा भाव किलोला २५० रुपये धरला, तर ६,००० रुपये.

पण व्यापाऱ्याच्या बिलात तूट ६० किलो आहे आणि त्याने १५,००० रुपये कापले आहेत. मेहताजी म्हणतात, व्यापारी खोटा आहे. व्यापारी म्हणतो, कारखान्यातून सूत जाते. ॲनालिस्ट दोघांचेही लगेच खरे मानीत नाही. तो व्यापाऱ्याकडेही जातो आणि तोच प्रश्न विचारतो, "आपण कापडाचे वजन कसे धरता?" तेव्हा कळते की व्यापारी कोऱ्या कापडाच्या वजनातून खळीचे ३६ किलो वजा करतो. त्याच्या लेखी कापडात सूत ९०० किलोच आहे. मेहताजी खळीसकट ९३६ किलो धरतात. खळ सुतावर चढते, वजन वाढवते, पण ती व्यापाऱ्याने दिलेले सूत नव्हे.

म्हणजे ९,००० रुपयांचे भांडण चोरीचे नव्हतेच. वजन खळीसह धरायचे की खळीशिवाय, आणि खळ किती टक्के धरायची, हा नियम दोघांमध्ये कधी ठरलाच नव्हता. आपापल्या रीतीने दोघांचीही बेरीज बरोबर होती. उरलेले २४ किलो मात्र दोन्ही हिशेबांत तूटच आहेत, आणि आता शोध त्यांचाच घ्यायचा आहे.

या धंद्याचे मर्म एवढ्यात आले. न ठरलेला प्रश्न शोधायचा, तो संबंधित माणसांकडून ठरवून घ्यायचा आणि प्रोग्रॅमवर एक रुपया खर्च होण्यापूर्वी कागदावर उतरवायचा. हे झाले नाही, तर संगणक जुनेच भांडण नव्या पडद्यावर दाखवतो.

विचारावे कसे?

दुकानात किंवा कारखान्यात वाढलेल्या मुलामुलींना येथे मोठी सवड आहे. उधारी, घट, परत आलेला माल, तोंडी ठरलेला भाव, या गोष्टी त्यांना पुस्तकातून शिकाव्या लागत नाहीत. पण ऐकलेले माहीत असणे आणि शिस्तीने विचारणे यात फरक आहे. पुढील पाच नियम पाळावेत.

१) "नेहमी काय करता?" असे न विचारता "काल काय झाले?" असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला माणूस नियम सांगतो, दुसऱ्याला खरी घटना सांगतो.

२) कागद पाहावा. वही, पावती, चलन, भिंतीवर खडूने लिहिलेला आकडा, सर्व पाहावे. तोंडी सांगितलेले आणि वहीत लिहिलेले यांत जेथे फरक पडतो, तेथे काम आहे.

३) "का?" हा प्रश्न एकदा विचारून थांबू नये. जपानच्या टोयोटा कारखान्यात बिघाडाचे मूळ शोधण्यासाठी पाच वेळा 'का' विचारण्याची रीत रुजली आणि ती पुढे जगभर गेली. पाच हा आकडा महत्त्वाचा नाही, मुळापर्यंत जाणे महत्त्वाचे.

४) नेहमीच्या कामाइतकेच अडलेल्या कामाबद्दल विचारावे. बीम अर्धवट राहिला तर? एका व्यापाऱ्याचे सूत दुसऱ्याच्या मालात गेले तर? माल परत आला तर? सॉफ्टवेअर बहुधा अशाच जागी अडकते.

५) ऐकलेले परत वाचून दाखवावे. "चाचा, मी असे समजलो, बरोबर आहे का?" एवढे विचारले की निम्म्या चुका तेथेच सुधारतात.

आणखी एक गोष्ट. कारागिराला वाटते की हा पोरगा वही घेऊन आला म्हणजे आपली मजुरी कापणार. तो मग निम्मेच सांगतो. म्हणून आपण काय शोधत आहोत हे आधी सांगावे आणि कोणाचे नाव घेऊन चूक मालकापुढे नेऊ नये. दोष पद्धतीत कोठे आहे ते लिहावे. ज्याच्यावर माणसांचा भरवसा नाही, त्याला या धंद्यात खरी माहिती मिळत नाही.

लिहावे कसे?

आता कागदाकडे वळू. कंपन्यांमध्ये या कागदांना निरनिराळी नावे आहेत, पण नवशिक्याला पाच भाग पुरेत.

पहिला भाग, आजची पद्धत. सूत आल्यापासून पैसे मिळेपर्यंतच्या पायऱ्या चौकोन आणि बाणांनी काढाव्यात. प्रत्येक पायरी कोण करतो आणि नोंद कोठे होते, हे शेजारी लिहावे.

दुसरा भाग, अडचण. ती एका वाक्यात आणि आकड्यासह हवी. "हिशेब नीट नाही" ही अडचण नव्हे. "एका लॉटमागे दोन बाजूंच्या हिशेबात ३६ किलोंचा, म्हणजे ९,००० रुपयांचा फरक पडतो" ही अडचण.

तिसरा भाग, नियम. कापडाचे वजन खळीशिवाय धरावे. खळीचे प्रमाण सायझिंगच्या पावतीवरून घ्यावे. वेस्टेज शेकडा ३ पेक्षा जास्त मान्य नाही. प्रत्येक नियम कोणी मान्य केला, कोणत्या तारखेला, तेही लिहावे.

चौथा भाग, गरजा आणि त्यांचा क्रम. सर्वच गरजा तातडीच्या नसतात. त्यांचे चार गट करावेत : असलीच पाहिजे, असावी, असली तर बरी, आणि या खेपेस नको. ही वाटणी मॉस्को पद्धत म्हणून ओळखली जाते. डाय क्लेग यांनी ती १९९४ साली मांडली, आणि रशियाच्या राजधानीशी तिचा काही संबंध नाही, चार इंग्रजी शब्दांच्या अक्षरांवरून ते नाव पडले. आपल्या उदाहरणात लॉटवार सुताचा ताळा पहिल्या गटात जाईल. मोबाइलवर रोजचे तागे पाहणे तिसऱ्या गटात.

गरज लिहिण्याची आज रूढ असलेली एक रीत म्हणजे युजर स्टोरी. ती अशी : "कारखानदार म्हणून मला प्रत्येक लॉट संपताच सुताचा ताळा हवा, म्हणजे बिल पाठवण्याआधी तूट कळेल." कोणाला हवे, काय हवे, कशासाठी हवे, ही तिन्ही उत्तरे एका वाक्यात आली.

पाचवा भाग, कसोटी. "हिशेब लवकर व अचूक व्हावा" असे लिहू नये, कारण लवकर म्हणजे किती, यावरून पुढे वाद होतो. असे लिहावे : "आलेले सूत १,००० किलो, कापडातील निव्वळ सूत ९०० किलो, वेस्टेज ३० किलो, शिल्लक १० किलो असे भरल्यास तूट ६० किलो दिसली पाहिजे." प्रोग्रॅम तयार झाल्यावर हे आकडे भरून पाहावेत. उत्तर आले तर काम पास, नाही तर परत.

शिकावे काय आणि कोठे?

प्रथम एक्सेल. यादी क्रमाने लावणे, गाळणे, दोन याद्या एकमेकींशी जुळवणे आणि पिव्हट टेबल, एवढे हातात बसलेच पाहिजे. विकत घेणे परवडत नसेल तर लिबरऑफिस मोफत मिळते, सरावाला ते पुरेसे आहे.

दुसरे एस.क्यू.एल., म्हणजे साठवलेल्या माहितीला प्रश्न विचारण्याची भाषा. प्रोग्रॅमर व्हायचे नसले तरी साधे प्रश्न स्वतः लिहिता यावेत. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल या प्रणालींवर मोफत सराव करता येतो.

तिसरे, साधे आणि चुकांविना इंग्रजी लेखन. बोलण्यात अडखळलात तरी एकदा निभावते, पण लिहिलेल्या वाक्याचे दोन अर्थ निघाले तर नुकसान होते. रोज एक पान लिहावे : एखादी पद्धत, पायरीपायरीने.

चौथे, कोणत्या तरी एका धंद्याची पक्की माहिती. जी.एस.टी. १ जुलै २०१७ रोजी लागू झाला, तेव्हा बिल करण्याच्या व्यवस्था देशभर बदलाव्या लागल्या. संयुक्त अरब अमिराती आणि सौदी अरबस्तानात १ जानेवारी २०१८ पासून व्हॅट आला, तेव्हा तेथेही तेच झाले. असा प्रत्येक बदल म्हणजे या धंद्याला काम. सी.ए.च्या कार्यालयात जी.एस.टी.ची विवरणे भरणाऱ्या मुलाला इनपुट क्रेडिट कोठे अडते हे माहीत असते. हे त्याचे भांडवल आहे, आणि ते त्याने बायोडाटामध्ये लिहिले पाहिजे.

शिक्षणासाठी सुरुवातीलाच मोठी फी भरण्याची गरज नाही. आय.आय.टी. आणि बंगळुरूच्या आय.आय.एस्सी.चा एन.पी.टी.ई.एल. हा उपक्रम आणि केंद्र सरकारचे २०१७ साली सुरू झालेले स्वयम् यांवर व्यवस्थापन, संगणक व डेटाबेसचे पाठ मोफत पाहता येतात. परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असेल, तरच फी पडते.

प्रमाणपत्र घ्यावे का?

वकील किंवा सी.ए. यांच्याप्रमाणे या कामाला सरकारी परवाना लागत नाही. या क्षेत्राची जगभर ओळखली जाणारी संस्था म्हणजे आय.आय.बी.ए. तिची स्थापना २००३ साली कॅनडातील टोरांटो येथे झाली. तिच्या मार्गदर्शक ग्रंथाला 'बॅबॉक' म्हणतात आणि त्याची तिसरी आवृत्ती २०१५ साली निघाली. नवशिक्यांसाठी तिची ई.सी.बी.ए. ही परीक्षा असून तिला अनुभवाची अट नाही. वरची सी.बी.ए.पी. ही परीक्षा अनुभवी लोकांसाठी आहे, तिला दहा वर्षांच्या मुदतीत ७,५०० तासांचे काम दाखवावे लागते. म्हणजे कालच पदवीधर झालेल्या मुलाला कोणी सी.बी.ए.पी. मिळवून देतो म्हणत असेल, तर तेथून उठावे. परीक्षांचे नियम आणि फी बदलत असतात, म्हणून एजंटाच्या तोंडी माहितीवर न जाता संस्थेच्या संकेतस्थळावर स्वतः पाहावे.

प्रमाणपत्राने बायोडाटा वाचला जाण्यास मदत होते, नोकरीची हमी मिळत नाही. आधी काम शिकावे, मग परीक्षा द्यावी.

पहिली नोकरी कशी मिळते?

नवशिक्याला थेट या हुद्द्यावर घेणाऱ्या कंपन्या आहेत, पण जागांच्या मानाने उमेदवार फार. म्हणून शेजारच्या दाराने आत जाण्याची तयारी ठेवावी. सॉफ्टवेअर तपासणीचे काम, कंपनीतील एम.आय.एस.चे काम, बँकेच्या कार्यालयीन विभागातील काम, दुकानांत व कारखान्यांत हिशेबाचे सॉफ्टवेअर बसवून देण्याचे आणि शिकवण्याचे काम, ही अशी दारे आहेत. त्यातले शेवटचे आपल्या मुलांना विशेष सोयीचे, कारण तेथे दिवसभर व्यापाऱ्यांशीच बोलायचे असते. दोन-तीन वर्षे असे काम मन लावून केले आणि प्रत्येक ठिकाणी लोकांच्या गरजा लिहून ठेवल्या, तर पुढचा मार्ग मोकळा होतो.

मुलाखतीत हमखास विचारतात, "तुम्ही एखाद्या कामाच्या गरजा कशा गोळा केल्या ते सांगा." पुष्कळ उमेदवार येथे पाठ केलेल्या व्याख्या म्हणतात. ज्याने आपल्या कारखान्याचा सुताचा ताळा खरोखर मांडला आहे, तो मेहताजी आणि व्यापारी यांच्यातला फरक आकड्यानिशी सांगू शकतो. मात्र व्यापाऱ्याचे नाव आणि खरे भाव बाहेर सांगू नयेत, दुसऱ्याच्या वहीची गुप्तता राखणे हाही या नोकरीचा भाग आहे.

दोन धोके

पहिला धोका खोट्या अनुभवाचा. पैसे घेऊन दोन-तीन वर्षांच्या अनुभवाचे पत्र करून देणारे लोक बाजारात आहेत. त्यांच्या नादी लागू नये. कंपन्या मागील नोकरी, पगाराच्या पावत्या आणि भविष्यनिर्वाह निधीची नोंद तपासून घेतात. खोटे निघाले तर लागलेली नोकरी जाते आणि नाव खराब होते ते वेगळेच. ज्या धंद्याचा पायाच "खरे काय ते लिहा" हा आहे, त्यात खोट्या कागदाने शिरणे कोठवर टिकणार? नोकरी लावून देण्यासाठी अनामत मागणाऱ्यांनाही असेच दूर ठेवावे.

दुसरा धोका नवा आहे. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने असे कागद काही क्षणांत लिहून देतात, मग या माणसाची गरज काय, असे विचारले जाते. केवळ सांगितलेले टिपून घेणाऱ्याचे काम कमी होणार, हे मान्य करावे लागेल. पण मेहताजींचा संशय दूर करणे, व्यापाऱ्याला त्यांच्यासमोर बसवणे आणि खळीचा नियम दोघांकडून कबूल करून घेणे, हे माणसाचेच काम आहे. या साधनांचा उपयोग मसुदा नीटनेटका करण्यासाठी जरूर करावा. मालकाच्या परवानगीशिवाय त्याचे आकडे मात्र त्यात भरू नयेत.

या आठवड्याचे काम

शेवटी वाचकांना एकच विनंती. वडिलांनी फीचे पैसे काढण्यापूर्वी मुलाला किंवा मुलीला आपल्या धंद्यातील एक नेहमीचे भांडण द्यावे. ते सुताचे असेल, शिलाईच्या परत आलेल्या मालाचे असेल, बेकरीच्या उधारीचे असेल किंवा फर्निचरच्या चुकलेल्या मापाचे असेल. आठ दिवसांत त्याने चार माणसांना भेटावे, वह्या पाहाव्यात आणि वरील पाच भागांत तीन पाने लिहावीत. ती पाने मेहताजींना आणि कारागिरांना वाचून दाखवावीत.

"होय, असेच आहे, आणि हे तर आम्ही कधी ठरवलेच नव्हते," असे त्यांच्या तोंडून निघाले, तर मुलाला या कामाची दृष्टी आहे असे समजावे आणि पुढच्या शिक्षणाला पैसे खुशाल लावावेत. मुलाला ते आठ दिवस कंटाळवाणे वाटले, तर फी वाचली. आणि नोकरी लागो वा न लागो, कारखान्यातले एक जुने भांडण तरी कागदावर येऊन मिटण्याच्या वाटेला लागेल.